पानं गळायच्या आधीच आलेला बर्फ

२०११ च्या दिवाळीत मी लेकीकडे होते, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, सिम्सबरी गावी. २८ ऑक्टोबरला भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बर्फ सुरू झाला. तिकडच्या माणसांना बर्फाचं नवल नाही. पण तो एवढा पडावा पानगळ उरकल्यावर. अंगणातला मेपल अजून पानांनी भरलेला होता, आणि सगळा घात तिथेच झाला.

मी खिडकीशी बसून बघत होते. बर्फ भुरभुरीत नव्हता. ओला, जड, धरून बसणारा. एकेका पानावर साचत गेला. फांद्या आधी वाकल्या, मग जमिनीला टेकल्या, आणि अंधारून येताना कडाकड मोडायला लागल्या. एक मोडली की धप्पकन बर्फ खाली, क्षणभर शांत, की लांबून दुसरी. रात्रभर हेच. विजेच्या तारा तिथे रस्त्याकडेच्या झाडांमधूनच जातात, त्यामुळे पुढे काय होणार ते कळतच होतं.

दिवे दोनदा फडफडले तशी मी उठले आणि कुकर, पातेली, बादल्या, हाताला येईल ते पाण्यानं भरून ठेवलं. लेक म्हणाली, "आई, इथे लाइट गेले तरी तासाभरात येतात गं." पण साताऱ्यात लोडशेडिंगमध्ये वर्षं काढलेली मी, भरतच राहिले.

लाइट आले आठ दिवसांनी.

आपल्याकडे वीज गेली की पंखा बंद पडतो, घर चालू राहतं. तिथे घरच बंद पडलं. पाणी बोअरचं, पंप विजेवर. शेगडी विजेची. हीटिंग गॅसवर, पण गरम हवा खेळवणारा पंखा विजेवरच! दुसऱ्या दिवशी घरात ९ अंश होतं. फायरप्लेससमोर गाद्या टाकून आम्ही चौघं एकत्र झोपलो. फ्रीजमधलं दूध, भाज्या बाहेर बर्फात पुरून ठेवल्या. बादलीभर बर्फ वितळवला तर तांब्या-दोन तांबे पाणी निघायचं, ते संडासाला.

आणि फराळ! चकल्या, चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. न शिजवता खाता येईल असं, टिकाऊ, पोटभरीचं. दिवाळीच्या डब्यांची खरी किंमत मला त्या आठवड्यात कळली. डेकवरच्या कोळशाच्या ग्रिलवर जावयांनी खिचडी शिजवली, बाहेर, कुडकुडत. ग्रिल आत आणायचं नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि ते बरोबरच होतं. कोळसा आणि जनरेटर घरात किंवा गॅरेजात चालवून, कार्बन मोनॉक्साइडनं त्या दिवसांत तिथे माणसं दगावली. वादळातून वाचलेल्या माणसानं उबेपायी जीव गमवावा, याचं मला आजही वाईट वाटतं.

बातम्या ऐकायच्या त्या गाडीच्या रेडिओवर, फोन चार्ज व्हायचा तोही गाडीतच. राज्यात आठ लाखांहून जास्त ग्राहक अंधारात होते. ऑगस्टअखेर आयरीन वादळानं झाडं आधीच खिळखिळी केलेली. पेट्रोल पंपांना वीज नाही, म्हणून जिथे होती तिथे लांबच लांब रांगा. शाळा बंद. हॅलोविन पुढे ढकलला म्हणून नात रडली. तिला मी उरलेल्या पणत्या लावायला दिल्या. संध्याकाळी सहा वाजता काळोख, आणि ती रोज दारापाशी पणत्यांची ओळ मांडायची. शेजारच्या आजोबांनी एकदा येऊन बराच वेळ त्या पाहिल्या. त्यांना लाडू दिला, त्यांनी आम्हाला सुकी लाकडं दिली.

दुसऱ्या राज्यातून आलेली माणसं मग गल्लीत शिरली, मोडक्या फांद्या कापत खांबापर्यंत पोचली. पुढच्या शनिवारी रात्री फ्रीज घरघरला. लेक धावली ती थेट नळाकडे.

भरलेली पातेली मात्र मी सोमवारपर्यंत ओतू दिली नाहीत.