दिवसाला सात बदकं, त्यात तलवार तीनच

बदकांच्या शिकारीसाठी सॅक्रामेंटो नॅशनल वाइल्डलाइफ रिफ्यूज या सरकारी अभयारण्याच्या चेक स्टेशनवर, म्हणजे नोंदणीच्या चौकीवर, आम्ही पहाटे साडेचारला पोचलो, तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. इथे त्याला टूली फॉग म्हणतात. जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या या खोऱ्यात ते दिवसच्या दिवस जमिनीला चिकटून राहतं. आय-5 वर विलोजच्या अलीकडे शेवटचे वीस मैल आम्ही ताशी तीसच्या वेगाने आलो. जाणार असाल तर घरून निदान तासभर लवकर निघा.

बरोबर आमचे शेजारी होते. वय 71, पन्नासेक हिवाळे याच दलदलीत काढलेले. मी बंदूक धरत नाही, धरणारही नाही. माझ्याजवळ दुर्बीण आणि वही. "माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही, तुझे डोळे हवेत," असं ते म्हणाले आणि मी लगेच हो म्हटलं. मी निफाडची. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात त्या नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर दर थंडीत सायकलने जाऊन मी बदकं ओळखायला शिकले. थापट्या, तलवार बदक, मलिन बदक या तिन्ही जाती जशाच्या तशा इथेही हिवाळ्याला उतरतात. गाव बदललं तरी पंख तेच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. पुढे लिहिलेलं सगळं अमेरिकेतल्या कायद्याबद्दल आहे. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर शिकारीचे परवाने बंदच झाले. महाराष्ट्रात कुठल्याही तळ्यावर बदक मारणं हा गुन्हा आहे, हंगाम कोणताही असो.

आता कागदपत्रं, कारण नवखे लोक इथेच अडतात. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्यावर राज्याचं हंटिंग लायसन्स मिळतं. बदकांसाठी त्याला राज्याचं डक व्हॅलिडेशन (बदकांसाठीची जादा परवानगी) आणि हिप व्हॅलिडेशन (स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीची नोंद) जोडून घ्यायचं. हिप घेताना गेल्या हंगामात तुम्ही कोणते पक्षी साधारण किती मारले ते विचारतात. घाईत काहीतरी ठोकून देऊ नका, कारण पुढच्या पाहणीसाठी कोणत्या शिकाऱ्यांना निवडायचं ते याच उत्तरांवरून ठरतं. वय 16 किंवा जास्त असेल तर 25 डॉलरचा फेडरल डक स्टॅम्पही लागतो. कागदी स्टॅम्प असेल तर त्यावर शाईने आडवी सही हवी; बिनसहीचा चालत नाही. हा स्टॅम्प 1934 पासून निघतोय आणि त्यातल्या प्रत्येक डॉलरमागे 98 सेंट पाणथळ जागा विकत घेण्यावर आणि राखण्यावर जातात. मी शिकार करत नाही, तरी दरवर्षी घेते. तो दाखवला की नॅशनल वाइल्डलाइफ रिफ्यूजमध्ये प्रवेश फी पडत नाही.

आपल्या लोकांपैकी जे एच-1बी किंवा एफ-1 वर आहेत त्यांनी एक ध्यानात ठेवावं. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स हातात असणं हा त्याला अपवाद आहे. पण मित्राच्या तोंडी भरवशावर त्याची बंदूक हातात घेऊ नका. आधी वकिलाला विचारा.

रिफ्यूजवर शिकार फक्त बुधवार, शनिवार आणि रविवारी. जागा लॉटरीने मिळते. अर्ज राज्याच्या ऑनलाइन पद्धतीत भरायचा आणि नंबर लागला तर ठरल्या वेळेच्या आत खिडकीशी हजर व्हायचं. नंबर न लागलेलेही पहाटे येऊन थांबतात, कोणी आलं नाही किंवा कोणी लवकर परतलं तर त्यांची वर्णी लागते. या रांगेला इथे स्वेट लाइन म्हणतात. आमचा नंबर लागला होता. माझंही नाव खिडकीत नोंदवलं गेलं.

दलदलीत नेता येतात फक्त 25 काडतुसं. बंदुकीत एका वेळी तीनच मावतील असा अडसर बसवलेला असला पाहिजे. आणि छर्रे शिशाचे चालत नाहीत, पोलादाचे किंवा तसेच बिनविषारी हवेत. बदकं दाणा दळायला पोटात खडे घेतात आणि चिखलात पडलेले शिशाचे छर्रे खडे समजून गिळतात. त्या विषाने पूर्वी पक्षी झुरून मरत. म्हणून 1991 पासून देशभर पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं बंद आहे. पोलाद हलकं असतं, लांबवर जोर राहत नाही. शेजाऱ्यांचा स्वतःचा नियम असा की 35 यार्डांपलीकडे चाप ओढायचा नाही. त्या दिवशी तो नियम किती खरा आहे ते मी पाहिलं, पुढे सांगते.

कमरेएवढ्या पाण्यातून, लपून बसायच्या आडोशापर्यंत पाऊण मैल चालायचं होतं. छातीपर्यंतचे रबरी वेडर भाड्याने आणले असतील तर आदल्या दिवशी घरी पाणी भरून बघा. माझ्या डाव्या वेडरला टाचेशी भोक होतं आणि दिवसभर एक पाय बर्फात असल्यासारखा होता. कोरडे मोजे गाडीत नाही, पाठीवरच्या पिशवीत ठेवा. हातात काठी हवी, तळाशी उंदीरबिळांसारखे खड्डे असतात.

बार काढायची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासाने सुरू होते आणि सूर्यास्ताला संपते. त्या दिवशी सातला पाच मिनिटं कमी होती तेव्हा वेळ झाली. त्याआधीची वीस मिनिटं मला सगळ्यात मोलाची वाटली. धुक्यात काही दिसत नव्हतं, पण डोक्यावरून पंखांचा सुसाट आवाज जात होता, लव्हाळ्यांपलीकडे चक्रांग बदकं शिट्ट्या घालत होती आणि कुठेतरी हजारो स्नो गूस, म्हणजे पांढरे रानहंस, एकदम उठले. बंधाऱ्यावरचे आमचे जुने पहारेकरी म्हणायचे, बदक आधी कानाने ओळख, मग डोळ्याने. इथे तेच कामाला आलं.

नियम काय आहेत ते आता लिहिते, कारण सगळी सकाळ त्यांच्याभोवतीच फिरली. बदकांचा हंगाम ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन 31 जानेवारीला संपतो. एका माणसाला दिवसाला सात बदकं. पण सात म्हणजे कुठलीही सात नव्हेत. मॅलार्ड सातही चालतील, मात्र त्यात माद्या दोनच. कॅन्व्हसबॅक दोन, रेडहेड दोन, स्कॉप दोन. तलवार बदक बरीच वर्षं दिवसाला एकच होतं. 2025-26 च्या हंगामात तीन झाली. चांदवे, ज्यांना आपण वारकरीही म्हणतो, त्यांच्या इथल्या भाऊबंदांची मर्यादा 25. घरात आणि वाटेत मिळून जवळ बाळगायची हद्द दिवसाच्या तिप्पट. स्नो गूसची संख्या खूप वाढल्यामुळे पांढऱ्या गूसची मर्यादा वीस आहे, तर पांढऱ्या कपाळाच्या गूसची शिकार सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या आखलेल्या पट्ट्यात 21 डिसेंबरलाच थांबते. त्या पट्ट्यात टूली गूस नावाची थोडीच उरलेली पोटजात हिवाळा काढते आणि उडताना ती वेगळी ओळखता येत नाही. म्हणून दोघांनाही अभय. मला हा नियम फार आवडला.

हे आकडे येतात कुठून? 1916 मध्ये कॅनडातल्या पक्ष्यांसाठी ब्रिटनशी करार झाला, 1918 मध्ये त्यावर कायदा आला. पुढे मेक्सिको, जपान आणि सोव्हिएत युनियनशीही करार झाले. करारानुसार हंगाम 1 सप्टेंबर ते 10 मार्च यांच्या बाहेर जाऊ शकत नाही आणि 107 दिवसांहून लांबू शकत नाही. पक्ष्यांच्या वाटांप्रमाणे देशाचे चार उड्डाणपट्टे केलेले आहेत, कॅलिफोर्निया पॅसिफिकमध्ये. 1955 पासून मे महिन्यात वैमानिक-जीवशास्त्रज्ञ कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातल्या माळरानांवरून ठरलेल्या रेषांवर कमी उंचीवरून उडत जातात आणि बदकं व पाण्याची डबकी मोजतात. 1995 पासून ही मोजणी गणितात घालून पुढचा हंगाम ठरतो: पॅसिफिकमध्ये सढळ असला तर 107 दिवस, मध्यम 86, कडक 60 आणि तेव्हा बदकं सातऐवजी चार. राज्यं या चौकटीच्या आतच राहतात, हवं तर जास्त कडक होतात. तलवार बदक माळावरच्या उघड्या शेतात, कापणीनंतरच्या धसकटात अंडी घालतं आणि वसंतात नांगर फिरला की घरटं जातं. म्हणून त्याला इतकी वर्षं वेगळा, कडक आकडा होता.

भरतपूरला केवलादेवमध्ये दगडात कोरलेली यादी मी पाहिली आहे. 12 नोव्हेंबर 1938, व्हाइसरॉय लिनलिथगो, 4,273 पक्षी. एका दिवसात. शाळेच्या सहलीत मी त्या दगडापुढे उभी राहून तो आकडा दोनदा वाचला होता. आडोशात बसून "सात" म्हणताना मला तो सारखा आठवत होता.

साडेआठपर्यंत शेजाऱ्यांची चार बदकं झाली होती: दोन थापटे, दोन चक्रांग. माझं काम असं की धुक्यातून आकार आला की जात आणि नर-मादी सांगायची. तपकिरी मादी दिसली की घाई करू नये. थापटीची चोच फावड्यासारखी, मॅलार्डच्या मादीच्या पंखावर निळी पट्टी, दोन्ही बाजूंनी पांढरी किनार. मलिन बदकाच्या पंखात पांढरा चौकोन. तलवारीच्या मादीची मान लांब आणि डोकं साधं भुरकट. तीन वेळा मी "नाही, थांबा" म्हटलं आणि त्यांनी बंदूक खाली घेतली. पाचवा तलवारीचा नर, लांब शेपटीसकट, अगदी समोर आला.

सहावं बदक लांब होतं. चाळीसच्या पुढे असावं. शेजारी स्वतःचा नियम मोडून बार काढते झाले, पक्षी लटपटला, पंख पसरून दीडशे पावलांवर लव्हाळ्यांत पडला. कुत्रा नव्हता. आम्ही दोघांनी पाऊण तास शोधलं. पाण्यावर एक पीस मिळालं, पक्षी नाही. पडलेला पक्षी मनापासून शोधणं कायद्यानेच बंधनकारक आहे, पण त्यांच्या चेहऱ्यावर कायदा नव्हता. आडोशात परतल्यावर त्यांनी बंदूक रिकामी केली, म्यानात घातली. "सहा झाले," एवढंच बोलले. अजून एकाची मुभा होती, दिवस सगळा पुढे होता, धुकं फाटून बदकं खाली यायला लागली होती. खऱ्यांना भुलवायला पाण्यावर मांडलेली खोटी बदकं गोळा करून आम्ही निघालो. तेव्हा कुत्रा नसेल तर मोकळ्या पाण्यावरच्या पक्ष्यावरच बार काढा, लव्हाळ्यांवरच्या नाही. आणि अंतराचा अंदाज यावा म्हणून शेवटचं खोटं बदक आडोशापासून बरोबर 35 यार्डांवर मांडा.

परतताना चेक स्टेशनवर थांबणं सक्तीचं. तिथल्या मुलीने प्रत्येक पक्षी हातात घेऊन पंख उलगडला, जात आणि नर-मादी लिहिली. वाटेत कुठेही पक्षी पूर्ण सोलू नका. घरी पोचेपर्यंत एक पंख किंवा डोकं पिसांसकट राहिलंच पाहिजे, म्हणजे जात ओळखता येते. काही शिकाऱ्यांकडे टपालाने पाकिटं येतात, त्यांत एकेक पंख घालून पाठवायचा. पिसांच्या झिजेवरून शास्त्रज्ञ वय काढतात. शेजाऱ्यांना या वर्षी आली होती. पंख कापताना त्यांनी रबरी हातमोजे घातले. बर्ड फ्लूमुळे तुम्हीही घाला, मांस आतपर्यंत 74 अंश सेल्सियसला शिजवा आणि कुत्र्याला कच्चं काही देऊ नका.

ज्यांना फक्त बघायचं आहे त्यांच्यासाठी याच रिफ्यूजवर सहा मैलांची गाडीवाट आहे, तिथे शिकार नाही. मंगळवारी किंवा गुरुवारी, उजाडताना जा. खोऱ्यातले भातशेतकरी पूर्वी पेंढा जाळत; 1991 च्या कायद्याने ते आवरलं, तेव्हापासून कापणीनंतर शेतात पाणी सोडतात. त्यामुळे रिफ्यूजबाहेरही रस्त्याकडेची शेतं बदकांनी भरलेली दिसतात. तारांवर कंठीवाला होला दिसला तर थांबून बघा. आपलाच होला, पण इथे परका, म्हणून त्याला ना हंगाम ना मर्यादा. इथल्या मूळच्या होल्याला मात्र 1 सप्टेंबरपासूनचे मोजके दिवस आणि दिवसाला पंधरा.

शेजाऱ्यांनी मला दोन चक्रांग दिले. देण्याआधी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून चिठ्ठी लिहिली: दोन चक्रांग, तारीख, त्यांचा पत्ता, सही. दुसऱ्याने मारलेला पक्षी अशा चिठ्ठीशिवाय जवळ असला तर तो बेकायदा. घरी मी कांदा-खोबऱ्याच्या वाटणात ते केले, मंद आचेवर दोन तास. मांस गडद, थोडं कलेजीच्या अंगाने जाणारं. हाडाशी एक छर्रा निघाला, तेव्हा पहिला घास जपून चावा. चिठ्ठी मी भांडं रिकामं होईपर्यंत फ्रिजवर लावून ठेवली होती, नंतर वहीत चिकटवली, त्या पिसाशेजारी.