लिम्प मोड: बॅटरीची वायर काढण्याआधी कोड वाचा

चढावर पाय पूर्ण दाबला तरी इंजिन अडीच-तीन हजार आरपीएमच्या वर जात नाही, पिकअप गेलेला, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्स दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवरच अडून बसतो. हाच लिम्प मोड. एखाद्या सेन्सरचं रीडिंग ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, पटलं नाही की इंजिन वाचवायला तो ताकद मुद्दाम कापतो आणि दोषाचा कोड साठवून ठेवतो.

ऑइलचा लाल दिवा लागला किंवा टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला, तर इंजिन तिथेच बंद करा. पिवळा दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर होतोय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं; गाडी टो करा. स्थिर पिवळ्या दिव्यावर सावकाश गॅरेज गाठता येतं.

चावी बंद करून मिनिटभराने चालू केली की बऱ्याच गाड्या शहाण्यासारख्या पळू लागतात. रस्त्यातून सुटायला एवढं पुरे, पण ही दुरुस्ती नव्हे. बॅटरीची वायर मात्र काढू नका, कारण अनेक गाड्यांत कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. दोष आला त्या क्षणीचा आरपीएम, लोड, वेग, कूलंटचं तापमान हे सगळं त्यात असतं. स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटला साधा स्कॅनर लावूनही ती बहुधा वाचता येते.

डिझेल टर्बोवर हमखास भेटणारा कोड म्हणजे पी ०२९९, बूस्ट (टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब) कमी. तो बघून लगेच टर्बो बदलायचं सुचवणाऱ्यापासून सावध राहा. आधी इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे) रबरी पाइप तपासा, तेही खालच्या बाजूने. क्लॅम्पजवळची चीर आयडलवर मिटलेली असते, बूस्ट आला की उघडते. तिथे तेलकट काळा डाग सापडला तर बहुतेक चोर सापडला. मग टर्बोची पाती हलवणाऱ्या अ‍ॅक्चुएटरकडे जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी पाहा. हातपंपाने व्हॅक्यूम दिल्यावर रॉड सरळ सरकला पाहिजे आणि तिथेच टिकला पाहिजे. परत आला तर डायफ्रॅम फाटलाय. मध्येच अडकला तर टर्बोच्या पात्यांत काजळी साचलीय, आणि अशा गाडीत ओव्हरबूस्टचा पी ०२३४ सुद्धा येतो. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरची परीक्षा फुकटात होते: चावी ऑन, इंजिन बंद असताना त्याने त्या जागेचा हवेचा दाब दाखवायला हवा, समुद्रसपाटीला साधारण १०० किलोपास्कल.

पी ००८७ म्हणजे रेल प्रेशर, इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब, कमी. पंपाला हात लावण्याआधी डिझेल फिल्टर बदला. पी २१३५ मध्ये थ्रॉटलचे (काही गाड्यांत पेडलचे) दोन पोझिशन सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीत. आधी कनेक्टरच्या पिनांवर गंज आहे का ते बघा. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरल्याचा पी २४६३ आला तर प्रेशर सेन्सरच्या नळ्या वितळल्या किंवा चिरल्यात का पाहा. इंजिन बंद असताना रीडिंग शून्याजवळ हवं. इंजिनात जाणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर धुवायचा तर त्याच्याच स्प्रेने, तारेला बोट न लावता, आणि पूर्ण सुकल्यावरच बसवायचा.

एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम आले, तर बॅटरीचं व्होल्टेज मोजा. इंजिन बंद असताना उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवं, १२.२ च्या खाली असेल तर बॅटरी चार्ज करूनच पुढचा शोध घ्या.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसा आणि फ्रीझ फ्रेममधल्याच वेगाला, लोडला गाडी चालवून पेंडिंग (अजून पक्का न झालेला) कोड येतो का ते पाहा.