एम्ब्यारने काढलेला घाम

स्पॅनिशची ए-दोन, म्हणजे दुसऱ्या पातळीची परीक्षा झाली, सुटले. पण क्रियापदांचे उच्चाराप्रमाणे तुकडे पाडून बोलताना जोर कुठे येतो ते ओळखायच्या धड्याचा राग अजून गेलेला नाही.

सुरुवात सोपी होती. को-मेर (खाणे), आ-ब्लार (बोलणे), 'ब्ल' फोडायचा नाही. शब्द स्वर, न किंवा स ने संपला तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, नाहीतर शेवटच्यावर. नियम मोडला की तिरकी रेघ, म्हणजे तिल्दे. आब्लो म्हणजे 'मी बोलते'; तोच जोर रेघेसकट शेवटच्या ओवर गेला की 'तो बोलला'. मराठीत जोराने अर्थ फिरत नाही, त्यामुळे ते कानात बसायला वेळ लागला, पण बसलं.

अडलं ते 'इआर'वाल्यांपाशी, म्हणजे 'इआर'ने संपणाऱ्या क्रियापदांपाशी. मूळ रूपात काम्-ब्यार आणि एम्-ब्यार अगदी जुळी भावंडं. पण 'मी बदलते' म्हणजे काम्-ब्यो, आणि 'मी पाठवते' म्हणजे एम्-बी-ओ, 'ई'वर रेघ. का? क्लासचे सर म्हणाले, ''त्याच कुळातलं नाम नाहीतर विशेषण आठवा, आपोआप कळेल.'' कळतंय कसलं! 'विस्तीर्ण' म्हणजे आम्-प्ल्यो, आणि त्याच कुळातलं 'मी वाढवते' आम्-प्ली-ओ. सरांना विचारलं तर ''अपवाद असतात.'' तोंडावर फेकल्यासारखं.

शेवटी उपाय सापडला तो स्पॅनिश अकादमीच्या कोशात, नेटवर फुकट. क्रियापदाच्या नोंदीत लिहिलेलं असतं, हे 'आनुन्स्यार'सारखं (काम्-ब्योसारखं, न फुटता) चालतं की 'एम्ब्यार'सारखं (फुटून). बस्स, तेवढी एक ओळ बघायची. हे पहिल्याच आठवड्यात का सांगत नाहीत कोण जाणे. शिवाय 'आम्ही'च्या रूपात भांडणच नाही: एम्-ब्या-मोस, काम्-ब्या-मोस.

हो, देवनागरीत लिहून बघा. 'ब्यो' एकत्र आला की एक तुकडा, 'बी-ओ' सुटला की दोन. रोमनपेक्षा लवकर दिसतं, मी वही अशीच भरली होती.

'उआर'वाले त्यामानाने सज्जन. आधी ग असेल तर फुटत नाहीत: आ-बे-री-ग्वो (मी शोधून काढते). आक्-तू-ओ (मी कृती करते), कोन्-ती-नू-ओ (मी चालू ठेवते) फुटतात.

आणि एक राहिलं. ले-ई-दो (वाचलेलं) वर रेघ, पण कोन्स्-त्रुइ-दो (बांधलेलं) वर नाही, कारण इ आणि उ शेजारी आले की लिखाणात तो एकच तुकडा धरतात. आमच्या सरावपत्रिकेत कोन्स्-त्रुइ-दोवरही रेघ छापली होती. दाखवून दिली, तरी पुढच्या बॅचलाही तीच पत्रिका वाटली.