रिपोर्टमध्ये एकच नाव होतं

गोष्ट २०१८ ची. रिपोर्ट मी दोनदा वाचला. हिपॅटायटिस सी, म्हणजे यकृताला बाधणारा विषाणू, जेनोटाइप (उपप्रकार) ३. याच मुलाच्या आधीच्या रिपोर्टवर जेनोटाइप १ होतं. त्यानुसार सोफोसबुव्हिर-लेडिपासव्हिरच्या गोळ्या १२ आठवडे झाल्या, विषाणू दिसेनासा झाला आणि गोळ्या थांबून १२ आठवडे होतात तोवर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचा आकडा, पुन्हा लाखांत.

मुलगा थॅलेसेमियाचा (यात अंगात पुरेसं रक्त तयार होत नाही), सोलापूरच्या अशोक चौकाकडचा, घरचा टॉवेलचा कारखाना. लहानपणापासून दर तीन आठवड्यांनी रक्त. आई म्हणाली, "परत वाढायलंय का ओ डॉक्टर? मागच्या बाटलीतनंच आलं असंल."

शंका रास्त होती. हा आजार बरा होऊन पुन्हा होऊ शकतो आणि अगदी ताजा संसर्ग दात्याचं रक्त तपासणाऱ्या रक्तपेढीच्या एलायझा चाचणीतून निसटू शकतो.

नशिबानं उपचाराआधीचं सीरम, म्हणजे रक्तातलं पाणी, लॅबच्या फ्रीझरमध्ये होतं. तिथल्या मॅडमना गळ घातली, यात फक्त ३ शोधा. संध्याकाळी फोन आला. "सर, दोन्ही आहेत. आणि यातला ३ आत्ताच्याशी जुळतोय."

म्हणजे नवं काहीच आलं नव्हतं. लेडिपासव्हिर १ वर जालीम, ३ वर दुबळं. १ मेला, ३ ला रान मोकळं मिळालं. इतकं रक्त घेतलेल्याच्या अंगात दोन प्रकार असणं खरं तर नवल नाही.

आई चिडली. "मग दोन्ही नावं आधीच का नाही लिहिली?"

मी वडिलांकडे बघितलं. "सगळे माग चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं का? नेहमीच्या तपासणीत जो विषाणू जास्त, त्याचंच वाचन होतं. थोडका असलेला दबून जातो." त्यांनी मान डोलावली, आईला काही ते पटलं नाही, आणि तिचंही चूक नव्हतं.

आता सर्व जेनोटाइपवर चालणारं सोफोसबुव्हिर-वेलपाटासव्हिर. एकदा उपचार फसल्यावर जोडीला रिबाव्हिरिन हे आणखी एक औषध देतात, पण त्यानं तांबड्या पेशी फुटतात. याचं हिमोग्लोबिन आधीच सातवर! म्हणून रिबाव्हिरिन वगळून २४ आठवडे.

"मग गुरुवारचं रक्त घ्यायचं का थांबायचं?"

"घ्यायचंच. गोळ्याही त्याच दिवशी सुरू. आणि पित्ताची गोळी मला विचारल्याशिवाय नाही, तिच्यामुळे हे औषध अंगी लागत नाही."

मुलगा पहिल्यांदाच बोलला, "मिसळ पण बंद का?"