सत्तेचाळिशीत नोकरी, अठ्ठावन्नला पेन्शन: माझा अनुभव

पीएफच्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसायला लागलं, तेव्हा लेकीला वाटलं, कंत्राटदाराने पैसे बुडवले. तसं नव्हतं. वयाची 58 वर्षं पूर्ण झाली की मालकाचा तो वाटा पेन्शनकडे जायचा थांबतो आणि पीएफमध्येच जमा होतो. म्हणजे पेन्शन मागायची वेळ झाली होती.

मी भोसरीत पॅकिंगला आहे. लग्नाआधी एका कारखान्यात असेंब्लीला होते. 1991 ला लग्न ठरलं, नोकरी सोडली, पीएफ काढून घेतला. तेव्हा सगळ्याच मुली काढायच्या. परत कामाला लागले ती 2014 मध्ये, मुलं हाताशी आल्यावर. आमच्या लाइनवर चाळिशी-पन्नाशीच्या बायकाच जास्त. सुपरवायझर कौतुकाने सांगतो, या दांड्या मारत नाहीत, सोडून जात नाहीत. जाणार कुठे, हे तो विचारत नाही.

पेन्शनला दहा वर्षं सेवा लागते. साडेनऊ झाली तरी दहा धरतात. माझी अकरा होत होती, पण दोन तुकड्यांत. पहिल्या कंत्राटदाराने शाळेच्या दाखल्यावरून माहेरचं नाव लावलेलं. तो गेला, दुसरा आला, त्याने आधारवरून सासरच्या नावाने नवा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, काढला. टेबल तेच, टेप मशीन तेच, कागदावर बायका दोन! नव्या खात्यात साडेसातच वर्षं दिसत होती, आणि नावं जुळल्याशिवाय जुनं खातं त्यात येईना.

माझ्या जुन्या खात्यावरच्या नाव दुरुस्तीला जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे कामगार आणि मालक दोघांनी मिळून द्यायचा अर्ज, लागत होतं, त्यावर मालकाची सही. पहिला कंत्राटदार धंदा बंद करून गेलेला. अशा वेळी बँक मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते, हे मला दर महिन्याच्या 27 तारखेला भरणाऱ्या पीएफ कार्यालयाच्या ‘निधी आपके निकट’ शिबिरात कळलं. तिथे जरूर जा, समोरासमोर बोलता येतं.

खरा घोळ पुढे. माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच बाईचं, याला पुरावा काय? विवाह नोंदणीचा दाखला. आमच्या वेळी कोण नोंदणी करत होतं? मग महापालिकेत उशिराची नोंदणी: तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, भटजींची सही. भटजी वारलेले, म्हणून प्रतिज्ञापत्र. पत्रिका जाऊबाईंच्या ट्रंकेत सापडली, तीवर हळदीचा डाग आणि तारीख मात्र शाबूत. साक्षीला दीर, नणंद आणि माझा भाऊ. साहेबांसमोर उभं राहून तेहेतीस-चौतीस वर्षांच्या संसाराची खात्री पटवताना आमचे हे चक्क लाजत होते.

दाखला हातात आला आणि पुढचं भराभर झालं. नाव दुरुस्त, जुनं खातं नव्यात, मग पेन्शन मागायचा 10डी फॉर्म, दोघांचा जोडफोटो, बँक पासबुक. हयातीच्या दाखल्याला अंगठा लागेना. खोक्यांनी आणि टेपने रेषा झिजल्यात. लेकीने मोबाइलवर चेहरा दाखवून काम केलं. ते दर वर्षी करायचं आहे.

हिशोब सोपा आहे: शेवटच्या साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. पगार म्हणजे पीएफ कापतात तेवढाच, तोही 15,000 पर्यंत. माझे 12,600 गुणिले 11 भागिले 70, म्हणजे महिना 1,980. साठीपर्यंत थांबलं तर वर्षाला चार टक्के वाढतात. मी थांबले नाही. पेन्शन घेत नोकरी करता येते, आणि मी करतेच आहे.

सरकारी पाहणीत पंधरा वर्षांवरच्या बायकांचा श्रमातला सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, 2023-24 मध्ये 41.7 झाला. लेकीने दाखवलं तेव्हा बरं वाटलं. पण त्यातल्या बहुतेक जणी घरच्या शेतात, घरच्या धंद्यात. त्यांना पीएफच नाही. आणि आमच्यासारख्या उशिरा आलेल्या? साडेअठ्ठेचाळिशीनंतर पहिल्यांदा पीएफला लागलेल्या बाईची 58 पर्यंत साडेनऊ वर्षं भरतच नाहीत. नियम करणाऱ्यांनी विशीत लागून एकाच जागी निवृत्त होणारा बाप्या डोळ्यांसमोर ठेवला असणार.

लाइनवरची माझी मैत्रीण एक्कावन्नाव्या वर्षी लागली. तिला पेन्शन नाही, 10सी भरून एकरकमी पैसे मिळतील. दुसरी पंचेचाळीसची, मागची तीन वर्षं आधीच्या कंपनीत पडून आहेत. ते पैसे काढू नकोस, सेवा इकडे वर्ग करून घे, असं तिला सांगितलंय. तिच्याही दाखल्यावर माहेरचंच नाव आहे, म्हणून येत्या 27 ला आम्ही दोघी जाणार आहोत.