डाऊटफुल साऊंडला पाऊसच हवा

न्यूझीलंडला जाणारे बहुतेक जण मिलफर्ड साऊंड बघून येतात (साऊंड म्हणजे उंच कड्यांमधून जमिनीत आत शिरलेला समुद्राचा चिंचोळा फाटा), तिथपर्यंत थेट गाडी जाते ना. आम्ही मात्र डाऊटफुल साऊंडचं बुकिंग केलं होतं. तिथे जायचं तर आधी मानापौरी लेक बोटीने ओलांडायचा, मग बसने विल्मट पासचा घाट, ६७१ मीटर उंच, आणि हा रस्ता देशातल्या बाकीच्या कुठल्याच रस्त्याला जोडलेला नाही, घाट उतरलं की डीप कोव्ह, तिथून परत दुसरी बोट. त्यात सकाळपासून धो धो पाऊस. आई बसमध्येच म्हणाली, "अगं, एवढे पैसे भरले आणि काही दिसणारच नाही."

पण जे दिसलं ना! हिमनदीने तासलेले कडे पाण्यातून सरळ ढगात गेलेले आणि जिथे बघाल तिथे धबधबे. यातले कितीतरी फक्त पावसातच असतात, पाऊस थांबला की काही तासांत गायब. आईला आषाढातला माळशेज घाट आठवला. मी मात्र झाडंच बघत बसले. त्या खडकावर माती जवळजवळ नाहीच, शेवाळाला आणि एकमेकांच्या मुळांना धरून उभी आहेत सगळी. एखादं सुटलं की खालच्यांना घेऊनच पाण्यात जातं, त्याचे लांबच लांब उघडे पट्टे कड्यांवर दिसतात.

आणि पाणी! वाकून बघितलं तर कोऱ्या चहाच्या रंगाचं. पाऊस जंगलातल्या पाल्यापाचोळ्यातून झिरपत टॅनिन घेऊन उतरतो, गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्या पाण्यावर त्याचा थर तरंगत राहतो, खाली उजेड कमी पोचतो, म्हणून एरवी खोल समुद्रात असणारं ब्लॅक कोरल इथे बरंच वर वाढतं. नाव ब्लॅक, पण जिवंत असताना पांढरं दिसतं.

१७७० मध्ये कॅप्टन कुक इथे आत शिरलाच नाही, परत बाहेर पडायला वारा मिळेल का याची शंका होती, त्यावरून हे नाव.

हॉल आर्म नावाच्या साऊंडच्या एका फाट्यात बोटीचं इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना गप्प उभं राहायला सांगितलं. पाण्यावर पडणाऱ्या थेंबांचा बारीक आवाज, लांबवर धबधबे, बास. आईने रेनकोटची टोपी मागे सारली, केस भिजत होते तरी तशीच कठड्याला धरून ऐकत उभी होती.

इंजिन परत सुरू झालं तेव्हा हळूच म्हणाली, "अजून थोडा वेळ बंद ठेवायला हवं होतं गं."