पी अँड आयडीसाठी सोपे सॉफ्टवेअर शोधताना: माझा अनुभव

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान औषध कारखान्यात मी देखभाल विभाग सांभाळतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या १४ पी अँड आयडी शीट (कारखान्यातील यंत्रे, पाइपलाइनी आणि त्यांवरची मोजमाप-नियंत्रणाची उपकरणे चिन्हांनी दाखवणारे आराखडे) नव्याने काढायचे ठरले, कारण जुन्या प्रतींना कपाटातच ओल धरली होती आणि मधल्या काळात फिरवलेल्या पाइपलाइनींची त्यांत नोंदच नव्हती. त्यासाठी वेगळा ड्राफ्ट्समन मिळणार नव्हता. ड्रॉइंग मलाच काढायचे होते, म्हणून सॉफ्टवेअर सोपे असावे एवढीच अट मी साहेबांपुढे ठेवली.

पारख करण्यासाठी एकच तुकडा मी तीन ठिकाणी काढून पाहिला: रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटला जाणारी वाफेची लाइन, तिच्यावरचा कंट्रोल व्हॉल्व्ह टीव्ही-२०१, त्याचा बायपास (व्हॉल्व्हला वळसा घालून जाणारी लाइन), स्टीम ट्रॅप (वाफ अडवून साचलेले पाणी बाहेर सोडणारा), आणि टीटी-२०१ हा तापमानाचा ट्रान्समीटर व टीआयसी-२०१ हा तापमानाचा नियंत्रक ही उपकरणे. चिन्हे आयएसए ५.१ या, उपकरणांच्या चिन्हांसाठीच्या मानकाप्रमाणे घेतली. त्यात रिकामे वर्तुळ म्हणजे प्रत्यक्ष लाइनवर बसवलेले उपकरण, वर्तुळात आडवी रेघ असली तर ते मुख्य पॅनेलवरचे, आणि तुटक रेघ म्हणजे विद्युत संकेत.

ऑटोकॅडवर डिप्लोमापासून हात बसलेला असल्यामुळे सुरुवात तेथूनच केली. रेघा सुबक आल्या, पण व्हॉल्व्ह दोन बोटे सरकवला तर पाइपची रेघ होती तेथेच राहिली आणि ती तोडून पुन्हा जोडावी लागली. ब्लॉकला (म्हणजे तयार चिन्हाला) अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे माहितीचे रकाने, जोडून टॅगची, म्हणजे टीटी-२०१ सारख्या उपकरण-क्रमांकांची, यादी काढता येते हे खरे, परंतु ती सगळी मांडणी आधी आपणच उभी करायची असते. ऑटोकॅडच्याच, कारखान्यांच्या आराखड्यांसाठी असलेल्या प्लांट थ्रीडीमध्ये ती आयती मिळते, पण आमच्या १४ शीटसाठी एवढा पसारा मांडणे मला पटले नाही.

ड्रॉ डॉट आयओ फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालते आणि त्यात पी अँड आयडीच्या चिन्हांचा संचही आहे. माझा तुकडा अर्ध्या तासात तयार झाला आणि चिन्ह हलवले की जोडरेघ त्याच्यामागे येत होती. मी जवळजवळ तेथेच थांबलो होतो. मात्र मी लिहिलेला टॅग हा चिन्हाखालचा नुसता मजकूर होता, त्यामुळे उपकरणांची यादी पुन्हा हातानेच करावी लागली असती.

शेवटी मायक्रोसॉफ्टचे आकृत्या काढायचे सॉफ्टवेअर व्हिजिओ घेतले. त्याच्या स्टँडर्ड आवृत्तीत पी अँड आयडीचा साचा नसतो, तो प्रोफेशनलमध्ये असतो. हे कळेपर्यंत स्वस्त आवृत्तीची मागणी टाकून झाली होती आणि ती बदलून घेताना लेखा विभागाची बोलणी खावी लागली. या साच्यात व्हॉल्व्ह लाइनवर ठेवला की लाइन आपोआप दुभंगते आणि तो काढला की सांधली जाते. टॅग चिन्हातच माहिती म्हणून साठतो, त्यामुळे उपकरणे, व्हॉल्व्ह आणि पाइपलाइनी यांच्या याद्या सॉफ्टवेअरच काढून देते. तयार चिन्हांपैकी काही आमच्या जुन्या चिन्हसूचीशी जुळत नव्हती, ती बदलण्यात एक आठवडा गेला. कंत्राटदाराला डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या प्रकारची, फाइल लागते, ती यातून काढता येते; पण तिच्याकडे आम्ही नुसते चित्र म्हणूनच पाहतो.

सर्वांत जास्त वेळ संगणकावर गेलाच नाही. तो हातात कागद घेऊन, जुन्या ऑपरेटरसोबत एकेक लाइन चालत तपासण्यात गेला. कागदावर बायपास दाखवलेल्या एका ठिकाणी नुसती ब्लाइंड फ्लँज, म्हणजे पाइपचे तोंड बंद करणारी चकती, निघाली.

चवथीच्या सुट्टीआधी १४ शीट पुऱ्या झाल्या आणि मी उपकरणांची पहिली यादी छापली. तीत पीआय-११२ हा दाबमापक (गेज) दोनदा होता: एक पंपाच्या डिस्चार्जवर, दुसरा कंडेन्सरच्या पाण्याच्या लाइनवर. कॅलिब्रेशनच्या वहीत मात्र त्या क्रमांकाचा एकच गेज दरवर्षी तपासल्याची नोंद होती, आणि तो या दोहोंपैकी कोणता हे विभागात कोणालाच सांगता येईना. दुसऱ्याला नवा क्रमांक देऊन आम्ही दोन्ही गेज तपासणीसाठी उतरवले.